एका छपरावर रोज तीन सिलिंडर

मे महिन्याच्या विशीत यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी चौकातल्या विजेच्या खांबाला सावलीच राहत नाही. गाव जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि २०-२१ मेच्या सुमारास सूर्य नेमका त्याच अक्षांशाच्या डोक्यावर येतो. चार-पाच दिवसांनी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. शून्य सावलीची गंमत शाळेतली पोरे उभी बाटली ठेवून बघतात. घराच्या बाबतीत मात्र ती गंमत नाही. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा भिंतींना तो जेमतेम चाटून जातो आणि सगळा मार छपरावर पडतो.

हा मार किती, ते मोजता येते. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्याकडे तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर १,३६१ वॉट ऊर्जा पडते. हवा, धूळ आणि बाष्प त्यातली काही खातात. तरी निरभ्र मे महिन्यात भर दुपारी विदर्भातल्या सपाट छतावर चौरस मीटरमागे साडेनऊशे ते हजार वॉट उतरतात. हजार वॉट म्हणजे एक इस्त्री. एक हजार चौरस फुटांचे घर, म्हणजे ९३ चौरस मीटरचे छत, घेतले तर दुपारी त्यावर नव्वदेक इस्त्र्या तापवून उलट्या ठेवलेल्या आहेत असे समजा. सकाळपासून संध्याकाळपर्यंतची बेरीज चौरस मीटरमागे सहा युनिटांच्या आसपास जाते. ९३ गुणिले ६ म्हणजे ५५८ युनिट, आणि हे फक्त एका दिवसाचे.

विजेच्या बिलावर ० ते १०० युनिटांच्या टप्प्यात बसणाऱ्या कुटुंबाला ही ऊर्जा साडेपाच महिने पुरली असती. गॅसच्या भाषेत बोलायचे तर घरगुती सिलिंडरमधल्या १४.२ किलो गॅसमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर सूर्य रोज तीन सिलिंडर रिकामे करतो. महिन्याला नव्वद. घरात स्वयंपाकाला एक सिलिंडर महिना-दीड महिना पुरवणाऱ्या बाईला हा आकडा सांगून पाहा.

पेपरात छापून येणारे तापमान या गोष्टीबद्दल काहीच सांगत नाही. २३ मे २०१३ ला नागपूरला ४७.९ अंश नोंदले गेले, ती नोंद पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीतली, म्हणजे सावलीतल्या हवेची. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर आरडाओरड झाली आणि मग हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचे सांगितले. हवेचे ५६ अंश खोटे होते. पण त्याच दुपारी त्याच शहरातल्या कुठल्याही काळपट स्लॅबला हात लावला असता तर ५६ हा आकडा कमीच वाटला असता. हवा ४४ अंश, ऊन साडेनऊशे वॉट आणि छत उन्हाचा ७० टक्के भाग शोषणारे असेल, तर त्या छताला जणू ७३ अंशांच्या हवेत ठेवल्यासारखी वागणूक मिळते. अभियंते याला सोल-एअर तापमान म्हणतात. त्यात बाहेरची हवा, ऊन, वारा आणि आकाशाकडे परत जाणारी उष्णता यांचा एकत्र हिशेब असतो. आपल्या घराचा उन्हाळा या ७३ वर चालतो. ४४ चा आकडा फक्त रस्त्यावरच्या माणसासाठी.

आता गावाकडे वळू. हिशेबापुरती पांढरकवड्यात सहा हजार छपरे धरू, सरासरी पाचशे चौरस फुटांची. दुकाने, जिनिंगचे शेड, शाळा, कचेऱ्या बाजूलाच ठेवू. ही छपरे एकत्र जोडली तर जेमतेम पाव चौरस किलोमीटरहून थोडी जास्त जागा होते, चालत चक्कर मारायला अर्धा तास लागावा एवढीच. पण दुपारी बाराला तिच्यावर सुमारे २६५ मेगावॉट उष्णता पडत असते. शेजारच्या चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. त्यातले दोन जुने संच प्रत्येकी २१० मेगावॉटचे. म्हणजे तालुक्याच्या एका गावातली निव्वळ राहती छपरे दुपारी चंद्रपूरच्या एका अख्ख्या संचापेक्षा जास्त ऊर्जा अंगावर घेऊन गप्प बसलेली असतात. दिवसाची बेरीज पावणेसतरा लाख युनिटांवर जाते. सिलिंडरांत मोजले तर रोज नऊ हजारांहून जास्त.

यातली सगळी उष्णता घरात उतरली असती तर विदर्भात माणूस राहिलाच नसता. छताने शोषलेल्या उष्णतेतला बहुतेक भाग वारा नेतो आणि काही आकाश परत घेते. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून सुमारे सहावा हिस्सा खाली झिरपतो. सहावा हिस्सा ऐकायला किरकोळ वाटतो. हजार फुटांच्या घराला तो दिवसाला ६५ ते ७० युनिट उष्णता पडतो. ती एसीने बाहेर फेकायची म्हटली तर वीस युनिट वीज जाते. एका युनिटमागे सुमारे सात दशांश किलो कोळसा धरला तर एका घराचे एका दिवसाचे चौदा किलो होतात. वणी परिसरातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून निघून चंद्रपूर परिसरात जळणाऱ्या कोळशाचा एक भाग असा, शेजारच्याच तालुक्यातल्या छतांशी भांडण्यात खर्च होऊ शकतो.

छपरांच्याही जाती आहेत, आणि प्रत्येक जातीचा छळ वेगळा. पाच इंची स्लॅबचे हजार चौरस फूट म्हणजे जवळजवळ २८ टन वजन. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून नागपूर–हैदराबाद धावणाऱ्या तीन आसांच्या ट्रकला मालासकट साडेअठ्ठावीस टनांची परवानगी असते. तसा एक भरलेला ट्रक आपण कुटुंबाच्या डोक्यावर पसरून ठेवलेला असतो. हे २८ टन दिवसभरात वीस अंशांनी तापले तर त्यांच्यात सुमारे १३७ युनिट उष्णता साठते, म्हणजे पाऊण सिलिंडर. सूर्य मावळला तरी तो साठा संपत नाही. रात्री अकराला पंखा लावला की वरून गरम हवा येते, ती याच साठ्याची. पंख्याचा त्यात काही दोष नाही.

टिनाचे उलटे आहे. पंचवीस चौरस मीटरच्या खोलीवरचे टिनपत्रे मोजून शंभर किलो भरतात. त्यांच्यात साठवायला जागाच नाही. सकाळी नऊला ते तापतात, दुपारी खाली बसणाऱ्याच्या टाळूवर ऊब ओततात आणि रात्री आठपर्यंत गारही होतात. म्हणून टिनाखालचा माणूस दुपारी लिंबाखाली जातो आणि रात्री घरात झोपू शकतो. स्लॅबखालचा माणूस दुपार कशीबशी काढतो आणि रात्री बाज घेऊन गच्चीवर किंवा अंगणात येतो. दोघांनीही आपल्या छपराचे भौतिकशास्त्र कोणी न शिकवता ओळखलेले असते.

कवेलू या दोघांच्या मधला. भाजलेली माती, दोन थरांमध्ये हवा, फटींतून निघून जाणारी ऊब, खाली बहुधा बांबूची तट्टी किंवा लाकडी पाटणी. त्याची खरी किंमत देखभालीत होती. दरवर्षी मृगाच्या आधी घर शाकारावे लागे, फुटलेले कवेलू बदलावे लागत, माकडांनी उलथवलेले परत बसवावे लागत. शाकारणारा माणूस मिळेनासा झाला तसे कवेलू उतरले. त्या जागी काय चढले ते कुठल्याही वस्तीत दिसते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे २९ टक्के घरांवर काँक्रीट होते आणि सुमारे १६ टक्के घरांवर टिन किंवा अॅस्बेस्टॉसचे पत्रे. एकूण घरे २४ कोटी ६७ लाख धरली तर ही ११ कोटी छपरे होतात. तेव्हापासून ती वाढलीच आहेत.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चक्रावणारी गोष्ट उष्णतेत नाही, कायद्यात सापडली.

आपल्याकडे इमारतींच्या उष्णतेबद्दल कायदे नाहीत असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणले. संहितांमधले आकडे चांगले आहेत. इको निवास संहिता म्हणते, छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नको. यू-मूल्य म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट पार होतात ते. उघड्या स्लॅबचे ते साडेतीनच्या घरात असते, म्हणजे संहितेच्या जवळजवळ तिप्पट. व्यापारी इमारतींची २०१७ ची संहिता आणखी कडक आहे. बहुतेक इमारतींना तिथे ०.३३ ची मर्यादा आहे, आणि वर सपाट छत नवे असताना उन्हाचा ६० टक्के भाग परत फेकणारे हवे अशीही अट आहे.

पण हे कोणाला लागू? व्यापारी संहिता लागू होते १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणी असलेल्या इमारतीला. चार बल्ब, दोन पंखे, फ्रिज आणि कूलर असलेल्या घराचा जोडभार दोन किलोवॉटही नसतो. अशी पन्नास घरे एकावर एक रचली तेव्हा कुठे संहितेला जाग येते. राज्यांना ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार आहे. इको निवास संहितेची सुरुवात ५०० चौरस मीटरच्या भूखंडापासून होते, म्हणजे ५,३८२ चौरस फूट. पांढरकवड्याच्या जुन्या वस्तीत एवढ्या जागेत सात-आठ घरे सुखाने नांदतात आणि मध्ये एक विहीरही असते.

बरे, नवीन घराचे सोडा. जुन्या घराचे काय? जुन्या घराच्या आयुष्यात उष्णतेचा सगळ्यात मोठा निर्णय एकाच दिवशी होतो, कवेलू उतरवून वर काय घालायचे हे ठरते त्या दिवशी. पुढची तीस-चाळीस वर्षे त्या दिवसाची शिक्षा किंवा बक्षीस. आणि २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता उघडली तर बांधकाम परवानगी ज्यांना लागत नाही त्या कामांच्या यादीत खिडकी उघडणे-बुजवणे, रंगरंगोटी, बागकाम, गिलावा यांच्या पंक्तीत बसलेले सापडते: कवेलू-फरशी नव्याने बसवणे आणि छप्पर बदलणे. म्हणजे दिवसाला तीन सिलिंडर अंगावर घेणारी गोष्ट आणि बागेतले गुलाबाचे रोप, दोन्ही कायद्याच्या लेखी सारखीच निरुपद्रवी.

जर्मनीत नेमके उलटे आहे. तिथल्या इमारत-ऊर्जा कायद्यानुसार जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतींचे किंवा छताचे काम काढले आणि त्या प्रकारच्या एकूण पृष्ठभागातला १० टक्क्यांहून जास्त भाग बदलला, तर बदललेला भाग आजच्या निकषात बसवावा लागतो. बाहेरच्या भिंतीला ती मर्यादा ०.२४ आहे. दुरुस्ती हाच कायद्याचा दरवाजा. युरोपीय संघाने २०२० मध्ये ठरवले की २०३० पर्यंत साडेतीन कोटी इमारतींची अशी सुधारणा करायची. त्यासाठी दरवर्षी जादा २७५ अब्ज युरो लागतील असा त्यांचाच अंदाज होता. तिथे वर्षाला जेमतेम एक टक्का इमारतींचे काम होते, त्यामुळे हे उद्दिष्ट गाठण्यात त्यांचीही दमछाक चालली आहे.

जर्मनीचा कायदा उचलून पांढरकवड्याच्या केळापूर तालुक्यात आणावा असे मात्र मला वाटत नाही, आणि त्याला पहिले कारण सूर्याच्या जागेचे आहे. जर्मन घराचा शत्रू हिवाळा. तो चारही भिंती, खिडक्या, दारांच्या फटी, सगळीकडून आत शिरतो, म्हणून तिथे घराला जाडजूड कोट घालतात. आपला शत्रू वरून येतो आणि चार महिने येतो. एक साधा हिशेब मांडू. बाहेर ते ७३ अंशांचे सोल-एअर तापमान, खोलीत ३४. उघड्या काळपट स्लॅबमधून चौरस मीटरमागे सुमारे १३७ वॉट खाली येतील. उष्णतारोधकाचा थर घालून संहितेप्रमाणे यू-मूल्य १.२ वर आणले तर ४७. आता संहिता विसरा आणि त्याच उघड्या स्लॅबला नुसता पांढरा चुना मारा. छत आता उन्हाचा पाव हिस्साच शोषते, सोल-एअर तापमान ७३ वरून ५२ वर येते आणि खाली उतरतात ६३ वॉट. दोन्ही केले तर २२. प्रत्यक्षात स्लॅब हे आकडे दिवसभरात पसरवतो, दुपारची उष्णता रात्री देतो, पण प्रमाण तेच राहते. म्हणजे उष्णतारोधकाचा थर जे काम करतो त्यातले ८० टक्क्यांहून जास्त काम चुन्याची बादली करते. आणि घरांच्या संहितेतली छताची अट यू-मूल्याची आहे, रंगाची नाही. वीस अंश अक्षांशावरच्या देशाने नियम लिहिताना पंचेचाळीस-पन्नास अंशांवरच्या देशांची वही समोर ठेवली की असे होते.

दुसरे कारण माणसांचे. छप्पर बदलायलाही नगर परिषदेची परवानगी लागू लागली, तर छपरे थंड होणार नाहीत, टेबले तेवढी गरम होतील.

नियमाची वेगळी तऱ्हा बघायला जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. पांढरकवड्याहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की केळापूर, पाटणबोरी आणि मग पैनगंगा. पूल ओलांडला की तेलंगण, आदिलाबाद जिल्हा. ऊन दोन्ही तीरांवर एकच. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले. सरकारी आणि व्यापारी इमारतींना, भूखंड केवढाही असो, थंड छत सक्तीचे. घरांना ६०० चौरस यार्डांपासून पुढे. उद्दिष्ट पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छते, त्यातली २०० हैदराबादेत आणि १०० उरलेल्या राज्यात. ३०० चौरस किलोमीटर म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्या भूभागाएवढे पांढरे छत. गंमत अशी की ६०० चौरस यार्ड म्हणजे ५०२ चौरस मीटर. दिल्लीने ५०० वर रेघ मारली, हैदराबादने ५०२ वर. आदिलाबादच्या बाजूचा टिनाच्या घरातला माणूसही त्या रेघेच्या बाहेरच राहिला. शिवाय भोगवटा प्रमाणपत्राशी जोडलेली सक्ती नव्या बांधकामाला चावते, जुन्याला नाही. तरी सरकारी छतांना सरसकट हात घालणे ही हिंमत मान्य करायला हवी. पांढरकवड्यात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याच्या अखत्यारीतल्या आश्रमशाळांना कोणाचीही परवानगी न विचारता चुना मारता येतो, आणि तिथे छताखाली दुपारी वर्ग आणि रात्री वसतिगृह असते. एकाच छताचे दोन पाळ्यांत चटके.

खरी मोठी संख्या मात्र घरकुलांची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाचे पहिले उद्दिष्ट २ कोटी ९५ लाख घरांचे होते आणि २०२४ मध्ये आणखी दोन कोटींना मंजुरी मिळाली. युरोप साडेतीन कोटी जुन्या इमारतींचे काय करावे म्हणून अब्जावधी युरो मोजत बसला असताना आपण पाच कोटी घरे नव्याने उभी करायला निघालो आहोत. घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. पहिली २ कोटी ९५ लाख घरेच धरली तरी छपरे भरतात ७३७ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईचे एकूण क्षेत्रफळ ६०३. या सगळ्यांवर एकाच वेळी दुपारचे ऊन पडले तर ७०० गिगावॉट होतात. देशातली कोळसा, पाणी, वारा, अणू, सौर अशी सगळी वीजकेंद्रे मिळून क्षमता पाचशे गिगावॉटच्या आसपास आहे. गरिबांच्या छपरांवर देशाच्या सगळ्या वीजकेंद्रांपेक्षा जास्त ऊर्जा पडते, आणि तिच्याबद्दल योजनेच्या अर्जात एक रकाना नसतो.

रकाना असतो तो पक्क्या-कच्च्याचा. सरकारी मोजणीत टिनाचे किंवा अॅस्बेस्टॉसचे छप्पर पक्के समजले जाते, गवताचे कच्चे. पाऊस आणि वादळ यांच्या दृष्टीने हे बरोबर आहे, आणि ज्यांनी गळक्या छपराखाली श्रावण काढला त्यांना ते पटवून द्यावे लागत नाही. पण उन्हाच्या दृष्टीने मोजपट्टी उलटी धरली आहे. केळापूर तालुक्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कुडाच्या, मातीने सारवलेल्या भिंती, वर गवत किंवा कवेलू, खाली पडवी. सहा इंच गवताचे यू-मूल्य इको निवास संहितेत आरामात बसते. त्या घराला पाडून टिनाचे घर दिले की कागदावर कुटुंब कच्च्यातून पक्क्यात जाते आणि संहितेच्या आतून बाहेर. कोलाम हा राज्यातल्या तीन अतिदुर्बळ आदिवासी गटांपैकी एक, आणि २०२३ पासून पीएम-जनमन योजनेत त्यांची घरकुले वेगाने होत आहेत. घर मिळायलाच हवे. टिनावर थांबू नये, एवढेच.

नियमाची जागा मला इथे दिसते. घरकुलाचे हप्ते पायरीपायरीने मिळतात. पाया, जोते, छत, आणि प्रत्येक पायरीचा फोटो जागेच्या खुणेसह अपलोड करावा लागतो. छताचा फोटो काढलाच जातो. शेवटच्या हप्त्याआधी तो पांढऱ्या छताचा हवा, एवढी एक ओळ परिपत्रकात घातली की नवा निरीक्षक लागत नाही, नवे टेबल लागत नाही. पैशाला जोडलेली अट माणूस पाळतो, कारण पैसा त्याचाच असतो.

आणि छताखाली थर घालायचाच असेल तर पांढरकवड्याने तो कुठून आणावा? हा आकडा मी दोनदा तपासला. सुट्या पसरलेल्या रुईची उष्णता वाहण्याची क्षमता बाजारातल्या काचलोकरीच्या जवळपास, मीटरमागे ०.०४ वॉट. उघड्या स्लॅबला साडेतीनवरून १.२ वर आणायला रुईचा फक्त २.२ सेंटिमीटर थर पुरतो. घरकुलाच्या २५ चौरस मीटरला घनमीटरमागे तीस किलो धरले तर साडेसोळा किलो रुई. सरकीसकट कापूस धरला तर अर्धा क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव होता, म्हणजे चार हजारांचा माल. १ लाख २० हजारांच्या अनुदानात सव्वातीन-साडेतीन टक्के. इको निवास संहिता गाठायला जिनिंगच्या दारात पडलेल्या गाडीतला एक कोपरा पुरेसा आहे. अर्थात उघडी रुई कोणी छताला लावू नये. आग, उंदीर, ओल तिघेही तिच्यावर टपलेले असतात, आणि औषध मारून, दाबून तिच्या पट्ट्या करायला कारखाना लागेल. पण ज्या जिल्ह्यात कापसाचे ढीग भावाची वाट बघत पडून राहतात त्या जिल्ह्यातली घरे उष्णतारोधकावाचून तापतात, हा हिशेब कुठल्याही अर्थसंकल्पात बसत नाही.

तोवर विदर्भ कूलरवर जगतो, आणि कूलरची निंदा करण्याआधी त्याचे आकडे पाहावेत. एक लिटर पाणी हवेत उडताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जाते. दिवसात शंभर लिटर पाणी पिणारा कूलर ६७ युनिट उष्णता गिळतो आणि त्यासाठी वीज खातो चार-पाच युनिट. एवढ्याच उष्णतेला एसीला वीस युनिट लागले असते. पंख्यासमोरच्या ओल्या वाळ्याने जे केले ते एसीच्या कॉम्प्रेसरला चौपट विजेत जमते. पण पाणी? गच्चीवर पाणी मारून छत थंड ठेवायचे म्हटले तर शोषलेली सगळी उष्णता उडवायला हजार फुटांना रोज जवळजवळ सहाशे लिटर लागतील, दोनशे लिटरचे तीन ड्रम. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात टँकरमागे पळणाऱ्या गावाला हा उपाय सांगायची हिंमत कोणी करू नये. सहा हजार छपरांना मिळून ते रोज सतरा-अठरा लाख लिटर होतात, कारण छपरे निम्म्या आकाराची धरली आहेत. पांढऱ्या छताला एक थेंबही लागत नाही.

चुन्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: तो टिकत नाही. धूळ बसते, पावसात धुपून जातो, दिवाळीपर्यंत छत पुन्हा करडे. म्हणून डबाबंद, पाच-सात वर्षे टिकणारा परावर्तक रंगच हवा, असे दुकानदार सांगतात. रंग चांगलाच असतो, स्लॅबच्या भेगाही बुजवतो. पण यवतमाळच्या डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, घरात पोरे शेकोटी मागतात, आणि तेव्हा पांढरे राहिलेले छत जी ऊब हवी तीच परत फेकत असते. अक्षय्य तृतीयेला मारलेला चुना नवतपा अंगावर घेतो, मृगापासून धुपत जातो आणि पौषात छताला पुन्हा ऊन खाऊ देतो. शाकारणीसारखे वर्षाचे एक काम, फक्त एका सकाळीत होणारे. ते करायला परवानगी लागत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या त्याच यादीत, छप्पर बदलण्याच्या शेजारी, चुना मारणेही आहे.